बर्फातलं कांद्याचं बी

२० जानेवारी १९६३

सौ. मुक्ताबाईस आकारामचे आशीर्वाद. आबांना आन् आईला माझा दंडवत सांग.

मी खुशाल हाय. जागेचं नाव लिहायला मनाई हाय, पण काळजी करू नको. जेवण पोटभर मिळतं. थंडी हाय, पण कोट लय जाड दिलाय.

येताना तू कांद्याचं बी पुरचुंडीत बांधून दिलं होतंस. आमच्या पलटणीचा स्वयंपाकी यल्लाप्पा जतकडचा हाय, त्यानं तुपाचा रिकामा डबा दिला. मी त्यात बी पेरून आपल्या सवयीनं रोज पाणी घातलं. पाण्याचा बर्फ झाला आन् डबाच फुटला! इथला हमाल नोरबू मला लय हसला. उरलेलं बी त्यानं दुसऱ्या डब्यात पेरायला लावलं, झाकणाला भोकं पाडली आन् डबा बाहेर बर्फात ठेवला. म्हणाला, "आता हात लावू नको. बर्फ वितळला की बी आपसूक जागं होईल."

तिकडं रोपं लावून झाली का? आईचा गुडघा कसा हाय? बाळाचं बारसं माझ्यासाठी थांबवू नका.

उद्या आमी पुढं जातोय. काळजीचं काय न्हाई. डबा तेवढा नेता येत न्हाई, म्हणून यल्लाप्पाकडं दिलाय. कोंब दिसला की तो तुला कार्ड टाकंल. तुझा पत्ता त्याला लिहून दिलाय.

त्याच्या कार्डावरचं परकं अक्षर बघून रडायला लागू नको. आधी वाच.

तुझा,
आकाराम