खुंटीवरची विणा

२ जून
गेल्या सप्त्यात, चौथ्या दिवशी सकाळी, मी विणा खुंटीला अडकवली आणि पळालो. दीड महिना झाला. कुणाजवळ बोललो नाही. आज इथं लिहून टाकतो.
सहा ते आठचा पहारा माझा होता. सात दिवस विणा माणसाच्या गळ्यातच राहते. खाली ठेवायची नाही, अडकवायची नाही. एकमेकांच्या पाया पडून एकानं दुसऱ्याच्या गळ्यात द्यायची. मारुतीच्या देवळात तेव्हा मी एकटाच. भगंदराची दोन ऑप. झाली त्याला सहा वर्षं झाली, तेव्हापासून तिथला स्नायू धरत नाही. कळ आली की पाच पावलांचा वेळ मिळतो. आदल्या सांजेला पंगतीत आग्रहानं दोन घास जास्त खाल्ले होते, ते भोवले. विणा घेऊन संडासात जाऊ कसा? अडकवली. तरी पायरीवरच झालं.
अंघोळ करून परत गेलो तर बाबाराव काका विणा गळ्यात घालून उभे. सप्ता तेच चालवतात. "माणिक, बावीस वर्षं झाली तुला विणा धरून. तंबाखू खायाला गेलतास का रं?"
म्हटलं, "व्हय."
तंबाखूला मी उभ्या आयुष्यात हात लावलेला नाही.

८ जून
सुमन म्हणाली, "देवळात न्हाई, लग्नाकार्यात न्हाई. गिरणी अन् मोरी, मोरी अन् गिरणी. असं कवर?" नवऱ्याची धोतरं उजाडायच्या आत धुणारी बायको. तिला विचारायचा हक्क आहे.
गिरणी बरी. पिठाच्या वासात बाकीचे वास बुडतात.
हिंगोलीच्या डॉ.नी चिठ्ठी दिली आहे. संभाजीनगरला नव्या उपचाराची चाचणी चालू आहे म्हणे. जाणार.

२४ जून
एसटीत सहा तास. कालपासून पाण्यावर. जाताना काही झालं नाही.
डॉ. मॅडम माझ्या पुतणीच्या वयाच्या. कागदावर कडं काढलं, ते कुठं तुटलंय ते दाखवलं. मांडीच्या स्नायूचा चिमूटभर तुकडा घेणार, त्यातल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवणार, मग तुटल्या जागी टोचणार.
"म्हणजे विरजण," मी म्हटलं.
हसल्या. "विरजणच. पण लागेलच असं सांगत नाही."
दुसरी गोष्ट. निम्म्यांना पेशी, निम्म्यांना नुसतं पाणी. तुकडा सगळ्यांचा घेणार. कुणाला काय गेलं ते मॅडमनाही वर्षभर कळणार नाही.
"अन् माझ्या वाट्याला पाणीच आलं तर?"
"तर तुमच्यामुळे पुढच्यांना कळेल की पेशींनी खरंच फरक पडतो का. आणि मधूनच नको वाटलं तर कधीही थांबता येईल. घरी जाऊन विचार करा."
बसमध्ये केला. जिंतूर येईपर्यंत झाला. सही करणार. सहा वर्षं फुकट सोसलं, हे निदान कुणाच्या तरी कामी येईल.

१९ जुलै
तुकडा घेतला. लंगडतोय. गिरणीवर जो तो विचारतो. कुत्रं चावलं म्हणून सांगितलं. आधी तंबाखू, आता कुत्रं.

६ सप्टें.
टोचलं. भूल होती, कळलं नाही. नाम घेत होतो, मधेच तुटलं. मांडी माझी, अंग माझं, आणि आत काय गेलं ते मलाच ठाऊक नाही. असू दे. देवाचं तरी काय वेगळं आहे.
दवाखान्याची वही मिळाली. धरलं गेलं नाही की त्या वेळेपुढं फुली मारायची. कळ रोखून धरल्यासारखं आवळायचा एक व्यायामही दिला, दिवसातून तीनदा.

२० ऑक्टो.
वही घेऊन गेलो. तेरा दिवस सलग कोरे! लेकराच्या प्रगतिपुस्तकासारखी पुढं केली.
मॅडमनी आधी वजन केलं. चार किलो कमी.
"जेवता ना?"
 मग सांगितलं. सोमवार, गुरुवार, शनिवार, एकादशी, प्रदोष. त्याशिवाय कुठं जायचं असलं की उपास.
"माणिकराव, आपण पेशी तपासतोय की रिकामं पोट?"
वही बाजूला ठेवली. खोटी नाही म्हणाल्या, पण उपयोगाची नाही.
सबंध वाटेत तोंड कडू. लोक म्हणतात, माणिकचं व्रत कडक. मीही तेच समजत होतो. सहा वर्षं भीतीनं उपाशी राहिलो आणि नाव देवाचं पुढं केलं. आता बास. एकादशी तेवढी ठेवणार, ती त्याची. बाकीच्या दिवशी जेवणार आणि जे होईल ते लिहिणार.

२८ नोव्हें.
वरण-भाकरी खाऊन गोरेगावला गेलो. भरल्या पोटानं जीपमध्ये, किती वर्षांनी.
सलीमभाई शिंपी, शाळेपासूनचा सोबती. घराबाहेर पहिल्यांदा त्याला सांगितलं. घडी घालून कापड ठेवता येईल असा लंगोट शिवून हवा होता.
टेप हातात तसाच राहिला. "छे साल से तू मेरे इधर चाय नै पिया. मैं समझा, रूठ गया." मग मराठीत, "बस तिथं. दोन कप पी. मागं संडास हाय. अन् शिलाई इचारशील तर कात्री मारीन."
दोन कप प्यालो. परत येताना जीपमध्ये एक फुली. लिहिली.

१४ फेब्रु.
काल कळ आली तेव्हा पट्टा काढला, गिरणी बंद केली, कुलूप लावलं, मग गेलो. कुलूप लावून! सुमन म्हणते विरजण लागलं. मी म्हणतो व्यायाम असेल. आज सेनगावच्या बाजारात दोन फुल्या, भर चौकात. म्हणजे काहीच सांगता येत नाही.
तरी कुलूप लावलं होतं.

१२ मार्च
सप्त्याची बैठक. सहा ते आठला कोण, विचारल्यावर मी हात वर केला.
बाबाराव काका म्हणाले, "तू न्हाई. तुला तंबाखू सुटत न्हाई." सगळे हसले.
उभा राहिलो.  "तंबाखू नव्हती काका. मला संडास धरता येत न्हाई. ऑपरेशन झाल्यापून. त्या दिशी पायरीवर झालं." दवाखान्याचंही सांगितलं.
 मागून आवाज आला, "मंग विणा विटाळल की."
"ज्यानं देह केला त्यानंच आतडं घातलं ना? का ते मी बाजारातून आणलं?"
काका तापले. विटाळावरून नाही. "आधी काहून सांगितलं न्हाईस? तुझ्या चुकीचं प्रायश्चित्त म्हणून सत्तरीत दोन पहारे जादा उभा राहिलो मी!"


२६ मार्च
देवळाच्या भिंतीवर यादी लागली. सहा ते आठ: स्वतः काका. माझं नाव नाही.
सुमन: "मंग?"
"जाणार. जेवून जाणार."

९ एप्रिल
चौथा दिवस. अंघोळ केली. दुधात भाकरी कुस्करून खाल्ली, मुद्दाम. सलीमचा लंगोट नेसलो. सहाला देवळात. काकांनी नुकतीच विणा घेतली होती. पाया पडलो आणि हात पुढं केले.
"मधीच आली तर?"
"तर तुमच्या गळ्यात देईन अन् जाईन. खुंटीला न्हाई."
 मग विणा माझ्या गळ्यात घातली आणि रीतीप्रमाणे वाकले. सत्तरीचा माणूस माझ्या पायाशी. गुडघा धरून उठले, खांबाला टेकून बसले. "मी हाय हितंच."
पहिली कळ सातच्या सुमारास. आवळलं. नाम सोडलं नाही. गेली. दुसरी जोरात आली. काकांनी माझं तोंड बघितलं, उठायला जमिनीला हात टेकला. मी मान हलवली. न्हाई.
थोडं झालं. लंगोटानं धरलं. मी उभाच राहिलो. समोर मारुती होता, त्यानं तोंड फिरवलं नाही.
पेशी की पाणी, ते सप्टेंबरात कळेल.
दवाखान्याच्या वहीत ७.४० पुढं एक फुली मारली. आठ वाजेपर्यंत विणा माझ्याच गळ्यात होती. त्याला त्या वहीत रकाना नाही, म्हणून इथं.