डॉक्टरीणबाईंचे तिरपे एप्रन

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा दोन्ही हात जोडून आणि तोंड घट्ट मिटून नमस्कार. (तोंड का मिटून, ते पुढे येईलच.) इकडे आम्ही सगळे बरे आहोत. म्हणजे तुझी भावजय बरी आहे, आणि ती बरी असली की घरातल्या बाकीच्यांना बरं असावंच लागतं. भाऊजींचा खोकला कमी झाला का? नसेल तर त्यांना माझ्या वतीनं रागाव, कारण तुझं रागावणं त्यांना हल्ली ऐकूच येत नाही असं भाची सांगत होती.

भाचीनं आणखीही बरंच सांगितलं, आणि त्यासाठीच हे पत्र. गुडघ्याच्या डॉक्टरांनी तुला म्हणे स्वच्छ शब्दांत बजावलंय, की आधी तोंडातल्या किडक्या दाढा आणि सुजलेल्या हिरड्यांचा बंदोबस्त करा, मगच गुडघ्याचं ऑपरेशन. नाहीतर तोंडातले जंतू रक्तातून फिरत फिरत नव्या सांध्यात जाऊन बिऱ्हाड करतील. आणि तू काय केलंस? दाताच्या दवाखान्याच्या दारापर्यंत गेलीस, आतून घुर्र असा आवाज ऐकलास, आणि गॅस चालू राहिलाय म्हणून परत फिरलीस. ताई, त्या दिवशी तुमच्या घरी कुणी चूलच पेटवली नव्हती, सगळे बाहेर जेवणार होते. मला आधी हसू आलं आणि मग फोन ठेवल्यावर फार वाईट वाटलं. तू घरात भिंत धरून चालतेस, हे मला सहन होत नाही. एका दाताच्या खुर्चीपायी तुझा गुडघा अडून बसावा, हे मी चालू देणार नाही. म्हणून स्वतःची हकीकत सविस्तर लिहितोय, ती वाचून तुला धीर येईल. (चष्मा लावून वाच. मागच्या पत्रातलं अर्धं तू मनानंच वाचलं होतंस.)

तर माझी उजवीकडची खालची दाढ गेले कित्येक महिने दुखत होती. दुखायची थांबली की ती बरी झाली असं मी समजायचो, आणि दुखायला लागली की लवंग धरायचो. या पलीकडे माझं वैद्यकशास्त्र जात नाही. जेवण डावीकडून, पाणी डावीकडून, जांभईसुद्धा डावीकडून. तुझी भावजय रोज म्हणायची की डॉक्टरकडे जा, आणि मी रोज म्हणायचो की हे शिवणकाम हातावेगळं झालं की जातो. शिंप्याचं शिवणकाम कधी हातावेगळं होतं का, तूच सांग. आता या दुखण्यात एक गोष्ट माझ्या ध्यानातच आली नाही. गाल ठणकायला लागला की मी मान उजवीकडे टाकायचो, आणि हळूहळू ती तिथेच मुक्कामाला राहिली. आता तुला माझी कामाची रीत ठाऊक आहे. खिसा कुठे बसवायचा हे मी टेपनं मोजत नाही, नजरेनं ठरवतो. टेप गळ्यात असते ती गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून. इतक्या वर्षांत नजर सुतभर चुकली नाही. पण ताई, नजर कितीही सरळ असली तरी ती ज्या डोक्यात बसवलेली आहे ते डोकंच कललं असेल तर ती बिचारी काय करणार?

नेमक्या अशा दिवसांत आमच्या रस्त्यावर दाताचा दवाखाना थाटलेल्या डॉक्टरीणबाई दुकानात आल्या. त्यांना पांढरे एप्रन हवे होते. मी माप घेतलं, कापड बेतलं, एप्रन शिवले, आणि मला तर ते फारच देखणे वाटले. डॉक्टरीणबाईंनी एक अंगात घातला आणि त्या आरशासमोर उभ्या राहिल्या. डावा खिसा कमरेला होता आणि उजवा बरगडीच्या बेतानं वर चढला होता. कॉलर एका कानाची चौकशी करायला निघाली होती. बाईंनी एकदा आरशात पाहिलं, मग आपलेच खांदे वरखाली करून पाहिले, मग दुसरा एप्रन घातला. तोही तसाच. तिसराही तसाच. मी आपला तोंडात टाचण्या धरून त्यांच्या पायाशी खालची पट्टी टाचत बसलो होतो आणि मनात म्हणत होतो, काय बेढब बांधा आहे या बाईंचा, शिंप्यानं करावं तरी काय. (हे कुणाला सांगू नकोस, तुझ्या पोटातच ठेव.) एवढ्यात बाई आरसा सोडून माझ्याकडे बघायला लागल्या. कितीतरी वेळ बघितलं, आणि म्हणाल्या, "मास्तर, उजवीकडची दाढ ना? खालची?"

टाचण्या गिळायच्याच राहिल्या होत्या माझ्या. बाईंनी हात पुढे केला आणि लहान पोराच्या तोंडातून खडा काढतात तशा एकेक करून सगळ्या टाचण्या काढून घेतल्या. मग मला माझ्याच स्टुलावर बसवलं, माझ्याच मशीनचा दिवा वाकवून माझ्या तोंडात सोडला, आणि आ करा म्हणाल्या. दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती. तीही वाकून बघायला लागली. एक तर म्हणाला, बरंच आत गेलंय हो. दाढेला मोठं भोक आहे, आत्ता आलात तर रूट कॅनाल करून वाचेल, आणखी अंगावर काढलंत तर उपटावी लागेल, असा निकाल बाईंनी तिथल्या तिथे दिला. पुढच्या दातांना खाच पडली होती, ती बघून त्यांनी ओळखलं की मी दोरा दातानं तोडतो. कातर कशाला ठेवली आहे मग, असं त्यांनी विचारलं, आणि मी ती हळूच कापडाखाली सरकवली. मग त्यांनी हिरडीला नुसता स्पर्श केला तर रक्त आलं. साखर तपासली होती का कधी, म्हणाल्या. आता बघ, आम्ही आलो दाढेवर आणि ह्या निघाल्या साखरेवर. पण त्यांचं म्हणणं असं, की साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की साखर आवरत नाही. तोंड म्हणजे काही शेजाऱ्याचं घर नव्हे, ते आपल्याच अंगाला जोडलेलं आहे. तपासली, तर निघाली वाढलेली. तुझ्या भावजयीनं त्याच दिवशी साखरेचा डबा कुठेतरी लपवला, तो अजून तिलाही सापडलेला नाही.

पहिल्या दिवशी नुसते दात साफ केले. ती खुर्ची मात्र बघण्यासारखी आहे हं. शिवण दुहेरी, कोपरे गोल, कुठे सुरकुती नाही. ती खाली गेली, मग मागे गेली, आणि मी छताकडे बघत पडलो. वर दिवा, दिव्याखाली डॉक्टरीणबाई, आणि माझ्या नाकाच्या शेंड्यावर लोंबणारा तो चढलेला खिसा. (एप्रन दुरुस्तीला दिले तर दवाखान्यात काय घालायचं, म्हणून त्या तेच वापरत होत्या.) शिंप्याला याहून मोठी शिक्षा नाही. मी दोनदा सांगायचा प्रयत्न केला की खिसा आत्ताच उसवून देतो, पण तोंडात कापूस आणि पाणी ओढणारी नळी, त्यामुळे नुसतं आँ आँ झालं, आणि बाईंना वाटलं दुखतंय. मग त्यांनी थोडं थांबून मला पाठीवर थोपटलं. साफसफाई झाल्यावर जिभेला दातांच्या फटी लागायला लागल्या, तेव्हा मला वाटलं हे तोंड दुसऱ्याच कुणाचं आहे.

नंतर दात घासायचा धडा. एवढा मोठा प्लास्टिकचा जबडा आणि हातभर ब्रश. मी आपला भांडी घासतो तसा जोर लावून घासून दाखवला, तर बाईंनी डोळेच मिटून घेतले. मऊ ब्रश, हलका हात, आणि हिरडीकडून दाताकडे फिरवायचा, मखमलीवर फिरवतो तसा. हे मला लगेच कळलं, मखमलीला उलटा हात लावलेला मला खपत नाही. सकाळी एकदा, निजायच्या आधी एकदा, आणि जेवल्यावर चूळ. जुना ब्रश आणून दाखवा म्हणाल्या, म्हणून नेला, तर त्याचे केस चारी दिशांना पांगलेले. त्यावरून घरी वाद झाला. तो ब्रश मशीनच्या दात्यांतला कचरा काढायचा आहे अशी तुझ्या भावजयीची समजूत होती, आणि तो माझा दात घासायचा आहे अशी माझी. बराच वेळ भांडल्यावर लक्षात आलं की आम्ही दोघंही बरोबर होतो. आता ती दोन्ही वेळा बेसिनपाशी कमरेवर हात ठेवून उभी असते. डावीकडचे आतले राहिले, म्हणते. संसारात एवढं लक्ष तिनं माझ्याकडे कधी दिलं नव्हतं. पण हिरड्यांतून रक्त यायचं थांबलं, साखरही औषधानं नि पथ्यानं जरा खाली उतरली, आणि शेजारी बसणारं गिऱ्हाईक आता खुर्ची मागे सरकवत नाही. इतके दिवस ते मागे का सरकतं याचा मी विचारच केला नव्हता.

राहता राहिला रूट कॅनाल. ताई, लोक या गोष्टीचा उगाच बाऊ करतात. मी ताठ मानेनं आत गेलो, खुर्चीत बसलो. सुई म्हणजे मुंगी चावल्यासारखी, तीही अशक्त मुंगी. मग गाल बधिर. तू दारातून ऐकलास तो घुर्र आवाज म्हणजे अगदी आपल्या शिलाई मशीनचा आवाज, मी तर मधे डुलकी काढली. उठलो तो काम फत्ते. शीळ घालत दुकानात आलो आणि दोन विजारी बेतल्या. तर सांगायचं हे, की घाबरण्यासारखं तिथे काही म्हणजे काही नाही. तू उद्याच जा. गुडघा होऊ दे, माझ्या दुकानाच्या पायऱ्या तू काठीशिवाय चढलेलं मला बघायचंय.

भाऊजींना नमस्कार, भाचीला आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. हे पत्र तुझ्या भावजयीनं वाचलं. रूट कॅनालचा भाग तिनं दोनदा वाचला आणि म्हणाली, हे असंच टाकलंत तर त्याच्या मागोमाग माझं पत्र जाईल. तेव्हा थोडी दुरुस्ती करतो. खुर्चीत बसलो इथपर्यंत सगळं खरं आहे. मुंगी शेजारच्या दुकानदारानं सांगितली, त्याला चावली होती. बाई सुई भरायला पाठमोऱ्या झाल्या आणि मी उठून चालू लागलो. गळ्यात त्यांनी बांधलेलं ते निळं फडकं तसंच होतं, आणि मी दिवसभर ते बांधूनच गिऱ्हाइकं केली. एकानं तसंच शिवून मागितलं. विजारी मात्र खरंच बेतल्या. दोन्ही परत आल्या.

पुन्हा ता. क. बाई रागावल्या नाहीत, पण या महिन्यात नाही आलात तर दाढ हातात देईन म्हणाल्या. म्हणून मी त्यांच्या दवाखान्यात चौकशी केली. तिथे आतल्या खोलीत दोन खुर्च्या आहेत, शेजारी शेजारी, आणि बाईंचे यजमानही दाताचेच डॉक्टर आहेत. दोघांचं एकदम होऊ शकतं. नंबर लिहून घेणाऱ्या मुलीनं विचारलं, पेशंट लहान आहे का, सोबत कुणी मोठं माणूस लागेल का? मी म्हटलं, पेशंट साठीचा आहे आणि हो, लागेल. तर ताई, भाचीला घेऊन इकडे ये. मला एकट्याला जमत नाहीये, बाई दुकानावरून नुसत्या गेल्या तरी मी तोंड घट्ट मिटून घेतो. तू शेजारच्या खुर्चीत असलीस, तुझा हात हाताशी असला, तर मी बहुतेक पळणार नाही. आणि पळालोच, तर या गुडघ्यानं तुला काही माझ्यामागे पळता यायचं नाही. म्हणजे निदान तुझं तरी काम होऊन जाईल.