स्पीकरवरचा फोन

माझी माय,
पाया पडते. पुण्यात मी ठीक आहे, ड्युटी बराबर चालू आहे. हे पत्र शेजारच्या प्रियदर्शनीकडून वाचून घे.

दिवाळीआधी मी फोनवर तुला म्हणल्ते, "तू माझ्या पायातली बेडी आहेस, आता फोन करू नको." ते वाक्य मी पैसे भरून गेले होते त्या 'स्वतःचा आवाज शोधा' शिबिरातल्या सरांनी पाठ करून घेतलं होतं. फोन स्पीकरवर होता. तू विचारलंस, "जेवलीस का?" सर हसले. म्हणले, "बघा, माया अशी जखडून ठेवते." सगळा हॉल हसला. मीबी हसले.

पुढच्या शिबिरात मला पाणी वाटायला ठेवलं. तिथं एका पोरीनं तिच्या बापाला तेच वाक्य ऐकवलं, शब्दाला शब्द. बाप म्हणला, "बरी हायेस ना?" सर तसेच हसले, तेच बोलले. माझ्या अंगाची आग झाली. स्वतःचा आवाज शोधा म्हणून सांगणाऱ्या मेल्यानं आमच्या सगळ्यांच्या तोंडात एकच वाक्य कोंबलं होतं. पाण्याचा जग तिथंच आपटून मी निघून आले.

तिथले लोक अजून फोन करून मला भित्री म्हणतात. त्यांचे नंबर मी बंद केले. पण ते हसू कानात येतं आन् घास उतरत न्हाई.

म्हशीचा पाय बरा झाला का? कापूस वेचायला बाया मिळाल्या का?

रविवारी मी फोन करीन. मला लगेच माफ करू नको. आधी 'जेवलीस का' तेच विचार. त्या दिवशी मी तुला उत्तर दिलंच न्हाई.

तुझीच,
दैवशाला