हनुवटीची तार

१४ मार्च, शुक्रवार, दुपारी

चि. भिंगरीस,

बाबाचे आशीर्वाद. इकडे मी ठीक आहे. गुडघा कुरकुरतो, पण माझ्यापेक्षा कमी बोलतो, म्हणून चालवून घेतो. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणकाकू एक दिवसाआड भाजी आणून देतात आणि "मीठ बरोबर आहे ना?" म्हणून दारातच उभ्या राहतात. नाही म्हणायची सोय नाही.

निवृत्तीला वर्ष झालं, तरी डॉक्टरबाई मला सोडत नाहीत. रेडिओ दुरुस्त करणारा माणूस मी. दहावीसुद्धा दोन खेपांत झालेली. त्यांच्या झोपेच्या लॅबमधल्या यंत्राची पेनं अडकली म्हणून मला बोलावलं, आणि पेनं सुटल्यावर ती कागदावर काय लिहितात तेच मी वाचत बसलो. आता शिकलेली पोरं मला विचारतात, "काका, ही हलकी झोप की मधली?" आणि पडद्यावर काही कळेनासं झालं की झोपलेल्याच्या श्वासाचा आवाज ऐकायला हेडफोन माझ्या हातात देतात. काकांचे कान म्हणजे शेवटचं कोर्ट.

काम तुला लहानपणापासून माहीत आहे, तरी परत सांगतो. पुढे लागणार आहे. माणूस रात्री झोपतो, आम्ही दिवसा त्याची झोप वाचतो. अर्ध्या मिनिटाचं एक पान, एका रात्रीची साडेनऊशे पानं. प्रत्येक पानावर शेरा: जागा, हलकी, मधली, गाढ, स्वप्नाची. त्यात स्वप्नाची झोप मोठी लबाड. मेंदूच्या रेघा जाग्या माणसासारख्या, डोळेही इकडून तिकडे पळतात. फरक कळतो तो हनुवटीवरून. स्वप्नात हनुवटीचा स्नायू पार सैल पडतो. म्हणून तिथे एक तार चिकटवतात.

हे फोनवरही बोलता आलं असतं. पण फोनवर मी विषय बदलतो, तुला ठाऊक आहे.

रविवारी जावईबापूंचा फोन आला होता. तुला सांगितलं नसेल त्यांनी.

"बाबा, ती झोपतच नाही हो. डोळा लागला की दचकून उठते. म्हणते, मी आईची झोप खाल्ली, म्हणून तिचं हृदय थकलं."

"असं कोणी भरवलं तिच्या डोक्यात?" मी विचारलं.

"तुमचं पत्र आहे बाबा, तिच्या कपाटात."

"हॅलो, आवाज तुटतोय," म्हणून मी फोन ठेवला. आवाज स्वच्छ येत होता.

तर त्या पत्राबद्दल.

सहा वर्षांपूर्वी तू घर सोडून परगावी गेलीस. नोकरी तू शोधलीस, नवरा तू शोधलास आणि मला फक्त तारीख सांगितलीस. त्याच आठवड्यात लॅबला अभ्यासासाठी निरोगी माणसं हवी होती, म्हणून आईला मीच गळ घातली. "झोपायचं कौतुक करणारी माणसं पहिल्यांदाच भेटली," म्हणत ती हसत गेली. दुसऱ्या दिवशी नोंद माझ्या टेबलावर आली. वर नाव नसतं, आकडा असतो. पण त्या रात्री एकच बाई झोपायला होती. नियमाने ती नोंद मी दुसऱ्याकडे द्यायला हवी होती. नाही दिली. आपली बायको कशी झोपते ते दुसऱ्याने कशाला बघायचं, असं वाटलं.

मध्यरात्रीनंतर हनुवटीची तार निघाली होती. कूस बदलताना निघते कधीकधी. पहाटेच्या एकशे बारा पानांवर डोळे पळत होते आणि हनुवटीची रेघ निकामी. जागी किंवा स्वप्नात, दोन्हीपैकी काहीही. मी एकशे बारा वेळा 'जागी' लिहिलं.

आणि संध्याकाळी तुला पत्र लिहिलं. 'तुझी आई पहाटे तासभर छताकडे बघत पडलेली असते. माझ्याकडे नोंद आहे. तुझा फोन येतो त्या रात्री तर विचारू नकोस. तिला जरा सोड.' शब्द इकडेतिकडे झाले असतील, तुझ्याकडे मूळ आहेच.

तू ऐकलंस. लहानपणी कधी ऐकलं नाहीस आणि नेमकं हेच ऐकलंस. तीन महिन्यांतून एक फोन, तोही दोन मिनिटांचा. आई फोन ठेवून म्हणायची, "काय हो, हिला माझ्याशी बोलण्यासारखं काहीच नसतं का?" मी म्हणायचो, "नवा संसार आहे, व्याप असतात." ती स्वतः फोन लावायला जायची आणि हात मागे घ्यायची, "कामात असेल, उगाच कशाला." पत्राचं तिला माहीत नव्हतं. शेवटपर्यंत मी सांगितलं नाही.

आता लॅबमध्ये जुन्या नोंदी दुसऱ्या माणसाकडून तपासून घेताहेत, दोघांचे शेरे जुळतात का बघायला. आमच्याकडे एक नवी चष्मेवाली आली आहे, माझ्याहून तिखट. महिन्यापूर्वी ती माझ्या खुर्चीशी येऊन उभी राहिली.

"काका, ही बाई तुम्ही जागी कशावरून ठरवलीत?"

"दाखव."

"हनुवटीची तार तर निघालीय. मग आवाज ऐकला असेल ना तुम्ही?"

मी पडद्यावरचं पान पुढे सरकवलं.

"काका, हे स्वप्न आहे. ऐका ना."

तिने हेडफोन दिला. तिला माहीत नव्हतं कोण आहे ते. भिंगरी, ती गेल्यावर आठ महिन्यांनी मी तुझ्या आईचा श्वास ऐकला. मध्येच भरभर, मध्येच संथ, स्वप्नात चालतो तसा. मध्ये एकदा ती हसली. कशाला, कोण जाणे. छप्पन्न मिनिटं मी तसाच बसून राहिलो. चष्मेवाली पाणी ठेवून गेली.

जागी नव्हती ग ती. तू गेल्याचं तिला वाईट वाटलं होतं, वाटणारच, पण ती झोपत होती. चांगली झोपत होती.

चूक झाली, एवढं लिहून थांबलो तर तेही खोटंच. त्या दिवशी हेडफोन माझ्या गळ्यातच होता. मी तो कानाला लावला नाही. लावला असता तर अर्ध्या पानात कळलं असतं, आणि मला कळायला नको होतं. त्या आठवड्यात छताकडे बघत मी पडलो होतो, रोज. पोरगी गेली आणि माझी झोप उडाली, हे बापाला म्हणता येईना, म्हणून ते तिच्या नावावर लिहिलं.

हे कळल्यावरही महिनाभर गप्प बसलो. जावईबापूंनी फोन केला नसता तर आणखी किती बसलो असतो, सांगता येत नाही.

डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी शेरे बदलले आणि त्या नोंदीवरून माझं नाव काढलं. रागावल्या नाहीत, हेच जास्त लागलं. नोंद लॅबबाहेर नेता येत नाही, पण मुलगी आली तर ऐकवू, म्हणाल्या. मी त्या वेळी खोलीत नसेन.

माफी मागत नाही. मागितली की तुला काहीतरी द्यावं लागेल, आणि तुझ्याकडून मी सहा वर्षं आधीच घेतलीत. आईचं हृदय तिच्या आईसारखंच कच्चं होतं, हे ती गेली तेव्हाच डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. तेही मी तुला सांगितलं नाही. ती तुझ्या फोनची वाट बघायची, आणि तो फोन मी थांबवला होता. यात तुझं काही नाही. एवढं पुन्हा एकदा वाच, जावईबापूंनाही वाचायला दे, आणि पड जरा. उत्तराची घाई नाही.

स्वतःची जाग तुझ्या आईच्या नावावर लिहिणारा,

तुझा बाबा