चंद्रमतीचा अर्ज

१४ जुलै २०२५, सोमवार

निबंधकबाईंनी परत पाठवलं. देवळात माळा घाला, हरकत नाही — पण लग्नाच्या नोंदणीला माझ्या पहिल्या घटस्फोटाच्या डिक्रीची कोर्टाची नक्कल हवी. माझ्याकडे नाही. मी ती कधी पाहिलेलीच नाही! नव्वद साली अप्पा कोर्टातून आले, चपला काढता काढता म्हणाले, "झालं, जया. संपलं." मी पुढे विचारलं नाही. अप्पांकडे कागद कोण मागणार?

भरद्वाज बाहेर येऊन म्हणाले, "आईवडिलांची संमती आणा म्हणाल्या नाहीत, हेच नशीब." मी बासष्टची, ते सदुसष्टचे. त्यांची मुलगी लक्ष्मीप्रिया सिंगापूरहून १९ ऑगस्टला येते, ३१ला परत जाते. तिच्यासमोर सही व्हावी असं त्यांच्या मनात आहे. माझ्याही.

१५ जुलै

अप्पांची ट्रंक उपसली. कॉन्व्हेंटमधली माझी सगळी प्रगतिपुस्तकं आहेत, सिस्टरांच्या लाल शाईसकट. आठवीत शिवणात नापास झाले तेही जपून ठेवलंय. डिक्री नाही.

हरिप्रिया, माझ्या भावाची मुलगी, दारात उभी राहून बघत होती. मराठी सगळं समजतं, उत्तर तमिळमध्ये. म्हणाली, "आत्या, घटस्फोट-बिटस्फोट काही नाही. तू पळूनच आलीस."

ही वही उघडी टाकली तरी भीती नाही. घरात देवनागरी वाचणारी मी एकटीच उरले.

१७ जुलै

कोर्ट, नक्कल विभाग. खिडकीत कनकलता नावाच्या बाई, केसांत मल्लीचा गजरा, पुढ्यात टपाल. "नंबर?" नाही. "वर्ष?" अठ्ठ्याऐंशी किंवा एकोणनव्वद. "वकील?" वारले. "तुम्ही तरी आहात ना, अम्मा?" म्हणाल्या आणि शोधाचा अर्ज पुढे केला. शोध अर्जदाराच्या नावानेच होतो. नाव लिहिलं — जयलक्ष्मी, वडील अनिरुद्धराव. स्टँप चिकटवला. मंगळवारी यायला सांगितलंय.

२२ जुलै

नाही. तीन जयलक्ष्मी निघाल्या, एकही मी नव्हे.

२८ जुलै

पुन्हा नाही. आता त्यांनी सत्त्याऐंशी ते एक्क्याण्णव सगळी रजिस्टरं पाहिली. "अम्मा, दुसऱ्या गावच्या कोर्टात केलं असेल." नाही हो, इथेच! मी त्या बाकावर बसले होते.

घरी आल्यापासून एका जागी बसवत नाही. दोनदा कॉफी केली, दोनदा गार झाली. पापनाशमला सासरी काढलेली ती तीन वर्षं आठवतात. मारहाण नाही, शिवी नाही. सासूबाई मला बोलत, नवरा, मुरलीकृष्ण, पेपर वाचत. त्यांनी तीन वर्षांत माझ्याशी जेवढे शब्द खर्च केले, तेवढे भरद्वाज तिरुवैयारुच्या एका बसफेरीत करतात. एका सकाळी मी पेटी उचलली. त्यांनी पेपर खाली ठेवला, इतकंच.

३ ऑगस्ट, रविवार

आडी महिन्याची अठरावी, कावेरीच्या पूजेचा दिवस. कावेरी भरून चाललीय. सगळ्या बायका घाटावर सौभाग्याचा पिवळा दोरा बांधून घेत होत्या. मी नेहमीसारखी चपलांजवळ. भागीरथी काकूंनी बाकीच्यांना दोरे वाटले आणि माझ्यापाशी येऊन हात मागे घेतला. "तुला नको गं, चंद्रमती."

हरिप्रियाने विचारलं, "चंद्रमती कोण?"

"तुझी आत्याच. नणंदेचं नावही जयलक्ष्मी, एका घरात दोन जया कशा चालतील? मग सासूने नाव बदललं. नवऱ्याने ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिलं. हात इतका कापत होता त्याचा, अर्धं नाव ताटाबाहेर."

मला वाळू गरम लागेनाशी झाली. देवळाच्या विवाहवहीत तेच नाव होतं. वकिलाने अर्जही त्याच नावाने केला असणार. मी वाचला कुठे होता? अप्पांनी बोट ठेवलं तिथे सही केली — चंद्रमती. शेवटची. पस्तीस वर्षं ते नाव मी मनातसुद्धा उच्चारलं नाही. मग खिडकीत कसं सांगणार?

६ ऑगस्ट

सापडलं! कनकलताबाईंनी रजिस्टर खिडकीकडे वळवून दाखवलं. "आधी का नाही सांगितलंत? माझ्या चाळिशीचा नंबर वाढला तुमच्यापायी." नकलेचा अर्ज दिला. १२ला मिळेल. भरद्वाजना फोन केला. म्हणाले, "आता मला कळू दे, मी लग्न कुणाशी करतोय?"

१२ ऑगस्ट

एकच पान. चार वेळा वाचलं.

डिक्री नाही. ९ मार्च १९९०. अर्जदाराच्या वकिलांनी अर्ज पुढे चालवायचा नाही असं सांगितलं, म्हणून निकाली.

कनकलताबाई आज थट्टा करत नव्हत्या. "अम्मा, घटस्फोट झालाच नाही. कागदावर तुम्ही अजून त्यांच्या पत्नी आहात."

मी वकिलाला काही सांगितलं नव्हतं. म्हणजे अप्पांनी सांगितलं. त्या दिवशी चपला काढताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नव्हतं, एवढं आठवतं. अप्पा, का?

१३ ऑगस्ट

भरद्वाजना सांगितलं. वीणेच्या तारा पुसून त्यांनी खोळ चढवली. मग म्हणाले, "आधी ते कुठे आहेत, ते पाहा. माझं नंतर."

१८ ऑगस्ट, सोमवार

पापनाशमला जाऊन आले. हरिप्रिया बरोबर होती. तेच घर. दार नणंदेने उघडलं, ती दुसरी जयलक्ष्मी. काठी टेकत. मला वाटलं ओळखणार नाही.

"ये, चंद्रमती. उशीर केलास."

भिंतीवर मुरलीकृष्णांचा फोटो. हार सुकलेला. ऑक्टोबर २०१९. "कळवायचं कुणाला? तुझा भाऊ रस्त्यात भेटला तर मान फिरवतो."

मी कोर्टाचं पान पुढे केलं. तिने वाचलं नाही. तिला ठाऊकच होतं. म्हणाली, "तुझे अप्पा आले होते इथे. मुरली त्यांच्या पाया पडला. म्हणाला, केस नको, मी येऊन तिला घेऊन जातो. अप्पा म्हणाले, ठीक, पण तू स्वतः ये, मी तिला सांगणार नाही."

"मग?"

"मग काय? दर रविवारी इस्त्रीचा सदरा घालायचा. बसस्टँडपर्यंत जायचा. परत यायचा. तोंड उघडायची सवय नव्हती ना त्याला. तुलाही नव्हती."

निघताना तिने मृत्यूच्या दाखल्याची प्रत दिली. पत्नीच्या रकान्यात चंद्रमती. "मी भरलं नाही," ती म्हणाली. "आजारात त्यानेच लिहून ठेवलं होतं, रकाना रिकामा सोडू नका म्हणून."

बसमध्ये हरिप्रियाने माझा हात धरला. नव्वदपासून ते जाईपर्यंत, एकोणतीस वर्षं मी घाटावर चपलांजवळ उभी राहिले. दोरा माझाही होता.

१९ ऑगस्ट

निबंधकबाई म्हणाल्या, "मग डिक्री नकोच, हा दाखला पुरे. दोन्ही नावं तुमचीच, असं प्रतिज्ञापत्र जोडा. उद्या या." लक्ष्मीप्रिया सकाळीच आली, माळांचं विचारत होती.

भरद्वाजना बाजूला बोलावलं. नवरा गेल्याचं कधीही कळलं तरी कळल्यापासून दहा दिवस सुतक, असं अप्पा सांगत. यंदा गणपती नाही. काल रात्रीच कुंकू पुसलंय. अकराव्या दिवशी परत लावीन.

त्यांनी बोटांवर मोजलं.

"अठ्ठावीस. गुरुवार येतो. ऑफिस उघडं असतं."