चाळीस अँपिअरचं गणित

गुरुवार, २४ मे

चि. छोट्यास,

अनेक आशीर्वाद. तीन वर्षांनी माझं अक्षर बघून दचकू नकोस. मी धडधाकट आहे. पत्ता टेस्टरने दिला. टेस्टर म्हणजे तुझा तोच मित्र, दिसेल त्या खोक्यात स्क्रूड्रायव्हर खुपसल्याशिवाय ज्याला चैन पडत नाही. त्याच्यावर चिडू नकोस, मी खनपटीलाच बसलो होतो.

माझी तब्येत बरी. गुडघे कुरकुरतात, खालचे दोन दात गेले, बाकी सगळं वयाला शोभेल असं. ऊन यंदा भयंकर आहे. तुझ्या आईला जाऊन या महिन्यात तीन वर्षं झाली, हे तुला मी सांगायला नको.

पत्राचं कारण म्हणजे गेल्या आठवड्यात घरातली वीज गेली. सगळ्या इमारतीत होती, फक्त आपल्याच घरात नव्हती. तू बसवलेला तो ट्रिप स्विच, कुठे करंट गळला की अख्ख्या घराची वीज तोडणारा, दर दहा-पंधरा मिनिटांनी खट्कन पडायचा. मी लाकडी फूटपट्टीने तो वर ढकलायचो. तीस वर्षं मुलांना विजेचा धडा शिकवलेला मास्तर आणि स्विचला बोट लावायला घाबरतो! हसू आलं तर हस बाबा. चार दिवस अंगावर ओला टॉवेल घेऊन खुर्चीत बसून काढले. फ्रिजमधलं दूध नासलं. समोरच्या वहिनी म्हणाल्या, "सर, हट्ट कसला करताय? इलेक्ट्रिशियन बोलवा की." मी "बघू, बघू" करत राहिलो. खरं सांगायचं तर तीन वर्षं त्या बोर्डाचं झाकण मी कुणाला उघडूच दिलेलं नाही.

पाचव्या दिवशी चक्कर येऊन मोरीत बसलो, तेव्हा वहिनींनीच परस्पर टेस्टरला बोलावलं.

आला, बोर्डापाशी गेला, एकेक बटण बंद करत गेला आणि वीस मिनिटांत चोर पकडला. गिझर. आतली कॉइल चिरली होती आणि करंट पाण्यात उतरत होता. म्हणाला, "सर, हा स्विच पडत होता म्हणून तुम्ही आज माझ्याशी बोलताय. पडतोय म्हणजे तो त्याचं काम करतोय."

हेच वाक्य मी आधी एकदा ऐकलं होतं, फोनवर.

मग तो आतली जोडणी बघायला लागला आणि खूश झाला. वायरींवरच्या टेपचं टोक तू नेहमी चिमटीएवढं दुमडून ठेवायचास, पुढच्या माणसाला सोलायला सोपं जावं म्हणून. ते मला दाखवून म्हणतो, "बघा सर, असं काम आता कोण करतं? लोक मागच्याच्या नावाने बोटं मोडतात, हा पुढच्याची सोय बघायचा." एवढं बोलून तो थांबला. ट्रिप स्विचच्या चार स्क्रूंवर त्याने बॅटरी मारली. म्हणाला, "यांना कुणीतरी सुरी लावलीय. खाचा पार चेचल्यात. हा हात त्याचा नाही."

मी विचारलं, "पाणी घेणार का?"

त्याने माझ्याकडे बघितलं, झाकण लावलं आणि तो हात धुवायला गेला.

जाताना तुझं सगळं सांगितलं. वायरमनचा परवाना गेल्यापासून तू त्या गोदामाच्या फाटकावर बसतोस, येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकचे नंबर लिहितोस. आत ऑफिसात पंखा अडकला की कुणी विचारतं, "तुला जमेल का रे?" त्यावर तू म्हणतोस, "मला त्यातलं काही कळत नाही."

हे ऐकल्यापासून मला जेवण जात नाही. तुला त्यातलं काही कळत नाही? अरे, पाचवीत असताना तू माझा रेडिओ खोलून परत जोडला होतास आणि मी तुला त्याबद्दल चोपलं होतं. तू वायरमन झालास तेव्हा मी चारचौघांत सांगायचो, "मुलगा विद्युत विभागात आहे." जणू मोठा साहेबच! स्क्रू पिळणारा मुलगा म्हणायची मला लाज वाटायची. तुझ्या आईला नाही वाटली कधी. ती म्हणायची, "त्याच्या हाताला यश आहे." मी म्हणायचो, "हाताला यश अन् मार्कांना अपयश." असला माझा विनोद.

किती पानं झाली, अजून मी मुद्द्याला हात घातलेला नाही. वर्गात कुणी असं पाल्हाळ लावलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं. आता लिहितो.

तू आईच्या खोलीत एसी बसवलास, कारण उन्हाळ्यात तिला श्वास पुरायचा नाही. इमारतीची अर्थिंगची पट्टी गंजून तुटली आहे हे तुला तेव्हाच दिसलं, म्हणून तू तो ट्रिप स्विच घातलास. म्हणालास, "नाना, आता या घराला एवढाच राखणदार आहे." महिन्याभरात तो पडायला लागला. मी बुधवारी फोन केला. तू बाहेरगावी कामावर होतास. म्हणालास, "पडतोय म्हणजे तो त्याचं काम करतोय. कुठेतरी गळतंय. रविवारी येऊन शोधतो. तोवर एसी लावू नका आणि बोर्डाला हात लावू नका."

गुरुवारी दुपारी ती गुदमरायला लागली. खिडकीशी बसून तोंडाने श्वास घेत होती, ओठ काळेनिळे पडले होते. मी एसी लावला की स्विच पडायचा, परत वर केला की परत पडायचा. तिने हात जोडले रे माझ्यापुढे. म्हणाली, "अहो, काहीतरी करा ना."

मी पेन्सिल घेतली. बोर्डाशेजारच्या भिंतीवरच गणित मांडलं. एसी किती वॅटचा, पंखे किती, फ्रिज किती, भागिले दोनशे तीस. उत्तर आलं नऊच्या आसपास. स्विचवर लिहिलेलं चाळीस अँपिअर. नऊ कुठे आणि चाळीस कुठे! म्हणजे स्विच खराब आहे. उत्तराखाली सवयीने दोन रेघा ओढल्या. तू बोलला होतास गळतीबद्दल आणि मी मोजत बसलो भार. आमच्या पुस्तकात फक्त फ्यूज होता, ही भानगड नव्हती. पण हे कारण झालं, सबब नाही. तुझ्यासारखा मॅट्रिकला गटांगळ्या खाल्लेला पोरगा मला काय शिकवणार, ही खरी गोष्ट.

मेन बंद केला. स्वयंपाकघरातल्या सुरीने स्क्रू सैल केले, वायरीचे दोन तुकडे घेतले आणि स्विचच्या वरून खाली सरळ जोडून टाकले. राखणदार बाजूला झाला. एसी छान चालला. तिला अर्ध्या तासात हुशारी आली. मी तिला म्हटलं, "बघ, तुझ्या पोराला जमलं नाही ते मी करून दाखवलं."

ती म्हणाली, "त्याला विचारलंत का?"

मी म्हटलं, "त्याला काय विचारायचंय?"

शनिवारी सकाळी एसी चालू होता. मी आत गारव्यात पेपर वाचत होतो. तिने धुतलेली चादर गॅलरीतल्या एसीच्या बाहेरच्या युनिटवर वाळत टाकली. त्याच्या पत्र्यातच करंट उतरला होता. बाकीचं तुला माहीत आहे.

पण मला काय काय माहीत आहे, ते तुला माहीत नाही. तू आलास. आधी तिच्यापाशी बसलास. मग उठून बोर्डाकडे गेलास. मी खोलीच्या दारात होतो, तुला दिसलो नाही. तू ते दोन तुकडे पाहिलेस. मग भिंतीवरचं गणित पाहिलंस, माझं अक्षर, त्या दोन रेघा. आणि तू शर्टाच्या बाहीने ते गणित पुसून टाकलंस.

तासाभराने वीजखात्याचा तपासणी अधिकारी आला. त्याने विचारलं, "हे थेट कुणी जोडलं?" मी खुर्चीत होतो. तू म्हणालास, "मी. सारखा पडत होता म्हणून." आणि त्याच्यादेखत ते तुकडे काढून स्विच पहिल्यासारखा केलास. मी तोंडात गुळणी धरून बसलो. एवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ माणूस म्हणवून घेतलं असतं. संध्याकाळी सगळ्या नातेवाइकांसमोर तुला म्हणालो, "आईला मारलंस. परत तोंड दाखवू नकोस." तू चप्पल घातलीस आणि गेलास. का म्हणालो सांगू? तू समोर राहिला असतास तर मला रोज ते गणित दिसलं असतं. मी भ्यालो, दुसरं काही नाही.

मी तुझा गुन्हेगार आहे. हे वाक्य लिहायला तीन वर्षं लागली.

परवा आठ वाजताच आंघोळ करून मी परवान्याच्या कचेरीत गेलो. सगळं खरं खरं दोन पानं लिहून नेलं होतं, खाली सही. टेबलावरची बाई माझीच जुनी विद्यार्थिनी निघाली. चटकन उठून उभी राहिली. वाचता वाचता तिचे डोळे भरले. मला वाटलं, चला, सुटलो. तर म्हणाली, "सर, मी पण आई आहे. मुलाला वाचवायला मी पण असंच लिहिलं असतं."

मी म्हटलं, "अगं, हे खरं आहे!"

"सर, आम्हाला वीज तुम्ही शिकवलीत. तुम्ही असं कराल?"

मी तिला गणितसुद्धा मांडून दाखवलं. ती म्हणाली, "उत्तर बरोबर आहे सर." टेस्टर सोबत होता. त्याने सुरीच्या खाचांचं सांगितलं, तर म्हणाली की मित्राची साक्ष कोण धरतं. शेवटी एवढंच म्हणाली, की कबुली मुलाने दिली आहे, फाईल बंद आहे. त्याने स्वतः येऊन 'मी खोटं बोललो, हे अमक्याने केलं' असं लिहून दिलं, तरच ती उघडेल. माझे कागद तिने नीट घडी करून माझ्या हातात परत दिले.

तेव्हा अशी गत आहे. मी ओरडून सांगतोय आणि कुणी ऐकत नाही. वहिनींना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, उन्हाने होतं असं, पडा जरा. तुझ्याकडे यायला काल बसस्टँडवर गेलो होतो. दोन गाड्या समोरून गेल्या, पाय उचलला नाही. तुझ्यासमोर उभं राहून हे बोलायची माझी छाती नाही, म्हणून कागद.

मला माफ कर असं मी लिहिणार नाही. तुझ्या आईने केलं असतं की नाही, हेही मला ठाऊक नाही. घरी येऊ नकोस वाटलं तर येऊ नकोस. पण त्या कचेरीत ये. त्या बाईसमोर बस, कागद घे आणि मोठ्या अक्षरात लिही की माझ्या आईला माझ्या बापाने मारलं. तू लिहिणार नाहीस अशी मला भीती वाटते. तुझा स्वभाव मी ओळखतो, तो तिचाच आहे. छोट्या, बापाची अब्रू राखू नकोस रे. माझ्याने ती पेलवत नाही.

तुझ्या एका सहीसाठी अडलेला,
नाना