हॉलमधली खार आणि रविवारचा कार्यक्रम

रावेत

आदरणीय सुमनआत्या,

सविनय जय भीम. तुझा गुडघा कसा आहे? (औषधाचं नाव लिही. नुसतं ‘बरं आहे’ लिहिलंस तर मला काही कळत नाही.) आम्ही ठीक आहोत. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून पत्र.

रविवारी मुलाकडचे मला बघायला येणार, त्याबद्दल. आमच्या हॉलच्या भिंतीत एसीसाठी सोडलेलं चौकोनी भोक आहे. एसी कधी बसलाच नाही. भोकाला लावलेला पुठ्ठा कुरतडून खारीने तिथे घरटं केलं, पायपुसण्याचे धागे आणि माझ्या कंपनीच्या हातमोज्याचं एक बोट घालून. आई म्हणाली, झाडूने ढकल. चाकणच्या कारखान्यात मी दिवसभर दोष शोधून दूर करते, त्यामुळे मला ढकलाढकली पटत नाही. मी बाहेरून पत्र्याची झडप बसवली. ती आतून ढकलली की उघडते, बाहेरून उघडत नाही. खार बाहेर गेली. झडप चोख चालली. मग आतून चिवचिव ऐकू आली. पिल्लं आतच होती (हे आधी तपासायला हवं होतं, कामावर दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी त्याला सोडलं नसतं). खारीने बाहेर इतका आरडाओरडा केला की खालचे चिमाजीकाका वर येऊन विचारून गेले, घरात भांडण चाललंय का. झडप काढली. आता पिल्लं मोठी होईपर्यंत थांबणं आलं. अडचण एवढीच, की हॉलमध्ये तीनपेक्षा जास्त माणसं बसली की खार पडद्याच्या दांडीवर येऊन ओरडते. मुलाकडचे अकरा जण येणार. मी काय करते, पगार किती, स्वयंपाक येतो का, हे त्या आवाजात कुणाला ऐकू जाणार नाही, आणि मी ते दोनदा सांगणार नाही.

तरी कार्यक्रम पुढे ढकलावा, ही विनंती.

तुझी,
वर्षाली

ता. क. आज सकाळी खार पिल्लांना एकेक करून तोंडात धरून समोरच्या आंब्यावर घेऊन गेली. भोक मी बंद केलं. विनंती कायम आहे.

आणखी एक. झडप काढताना शिडी धरायला भीमराज आला होता. हो, तू सुचवलेला, रविवारी येणारा मुलगा तोच. मीच बोलावलं (नंबर बायोडेटावर होता). पूर्ण वेळात तो एवढंच म्हणाला, “तुम्ही सावकाश उतरा, मला घाई नाही.” मलाही नाही. त्या अकरा जणांच्या आधी मला त्याच्याशी दोन-चारदा नीट बोलायचं आहे. म्हणून त्याचाही तुला फोन येईल, की त्यांच्या गॅलरीत पारव्याने अंडी घातली आहेत आणि इतक्यात निघता येणार नाही. त्याला फार प्रश्न विचारू नकोस. पारव्याचे तपशील त्याने अजून पक्के केलेले नाहीत.